दारू सुटली पण राग डबल झाला, काय करावं?

कपाशीवाला

नमस्कार मंडळी. इथं वाचत असतो नेहमी, लिहून पहिल्यांदाच राहिलो. वर्धा जिल्ह्यातला आहे, गाव सांगत नाही, लहान गाव आहे आन कोणी ना कोणी ओळखतेच. वर्धा म्हटलं की लोक म्हणतात तुमच्याकडे त दारूबंदी आहे ना बाप्पा. आहे, कागदावर आहे. गावात मोहाची पाह्यजे त मोहाची आन बाटली पाह्यजे त बाटली, फक्त भाव जास्त.

मुद्द्यावर येतो. पेरणीच्या आधी व्यसनमुक्ती केंद्रात भरती झालो होतो, महिनाभर राहिलो, तेव्हापासून एक घोट नाही. आता कापसाची वेचाई सुरू आहे. म्हणजे दारूचं बरं चाललंय म्हणायले हरकत नाही. प्रॉब्लेम रागाचा आहे. पेत होतो तेव्हा मी भांडणारा गडी नव्हतोच, पिऊन आलो की जेवलो न जेवलो झोपून जायचो, सकाळी मान खाली घालून शेतात. आता शुद्धीत आहे त डोक्यात सारखी भुणभुण. वेचाईच्या बाया उशिरा आल्या त राग, रातच्या लायनीत ओलिताले गेलो आन मोटर सुरू केल्याबरोबर लाईन गेली त राग, पोरगं पुस्तक उघडं ठेवून मोबाईल पाह्यते त राग, आन हे सगळं जाऊ द्या, भाऊ घरात आला की सरळ माह्या तोंडाजवळ येऊन उभा राह्यते, बोलत काही नाही, फक्त वास घेते, त्याचा जो संताप होते तो सांगता येत नाही.

मागच्या हप्त्यात हिंगणघाटले कापूस न्यायचा होता. वेचाईवर मी उभा होतो, गाडी मी भरली, आन बाबानं पैसे घ्यायले भावाले सोबत पाठवलं. व्यापाऱ्यासमोर भाऊ म्हणते पैसे माह्याजवळ द्या, याच्याजवळ नका देऊ. तिथंच सुरू झालो मी, दहा माणसं गोळा झाली. घरी आलो त बायको फक्त एवढंच म्हणाली की जेवून घ्या, आन मी ताट भिरकावलं. पोरगं तिसरीत आहे, ते दाराच्या मागं जाऊन उभं राह्यलं ते निघेचना. बायको म्हणते तुम्ही पेत होते तेव्हाच बरे होते. हात नाही उचलला मी कोणावर, पण त्या दिवशी काही फार दूर नव्हतं ते.

विचारायचं एवढंच की हे शरीराचं आहे का माहा स्वभावच असा होता आन दारूनं झाकला होता? किती दिवस राह्यते हे? आन राग आला त्या टायमाले नेमकं करायचं काय? दहापर्यंत आकडे मोजा असं कृपा करून सांगू नका, केंद्रातही तेच सांगतलं होतं, मी सहावर पोचतो आन तोंड सुटते. तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र वाढला आहे, ते लपवत नाही.

वरोऱ्याचा_काका

सहावर पोचता म्हणजे बरेच आहात भाऊ, मी दोनवरच सुटायचो.

मी चंद्रपूर जिल्ह्यातला. आमच्याकडे २०१५ च्या एप्रिलमध्ये बंदी लागली आन २०२१ मध्ये उठली. माही दारू मधल्या काळात सुटली, पण बंदीनं नाही, बंदीत त मी जास्त पैसे मोजून पेत होतो. सुटली ती एए च्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस गटाच्या मीटिंगमधी बसून. दुकानं परत उघडली तेव्हा लायनीत उभे असलेले लोक पाहून मले एवढा संताप आला की घरी येऊन कारण नसताना म्हाताऱ्या मायवर खेकसलो. बायको म्हणाली, तुम्हाले लायनीत उभं राहता येत नाही याचा राग आला का? काय बोलणार, गप बसलो.

तुमच्यासारखे आमच्याकडे पैशाला पासरी भेटतात. दारू बंद, पण बाकी माणूस तसाच, चिडका, कुरकुऱ्या. आपल्याले वाटते एवढी मोठी गोष्ट सोडली त आता सगळ्यांनी आरती ओवाळावी, आन घरचे बसले वास घेत. आता इतक्या वर्षांत आपण काय केलं ते पाहा. भाव पडला, प्या. बोंडअळी आली, प्या. बाप बोलला, प्या. पोळ्याले त काय, बैल आपला आहे म्हणून प्या. राग आला त बोलायचा कसा, गिळायचा किती, हे जे बाकीचे लोक पंधराव्या सोळाव्या वर्षापासून चुकत माकत शिकत जातात ते आपण शिकलोच नाही. मंग ते आता चाळिशीत शिकावं लागते, पोराबाळांसमोर, लाज वाटते पण इलाज नाही.

आता कामाचं. एए मध्ये स्वतःले चार गोष्टी विचारायले सांगतात, भूक लागली का, राग धरून बसलो का, एकटा पडलो का, थकलो का. आधी मले वाटायचं हे शहरातल्या माणसासाठी आहे. पण पाहा, कास्तकार सकाळी भाकर खाऊन निघते ते रात्री नऊले जेवते, मधात चहा आन खर्रा. थकलेला त रोजच. आन सायंकाळी सहा ते आठ हा आपला जुना प्यायचा टाईम, त्या वक्ती शरीर मागणी करते आन ते आपल्याले समजत नाही, आपल्याले वाटते बायको कटकट करून राहिली. तुम्ही फक्त एवढं करून पाहा, पाच वाजता शेतातच काहीतरी पोटात टाका, दाणे गूळ, मुरमुरे, सकाळची भाकर, काहीही. मी हे हसण्यावारी नेलं होतं पण माहं अर्धं भांडण यानंच कमी झालं.

सहा ते आठ घरी बसू नका, पण गावात पारावरही बसू नका. आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना त्याच टायमाले असते. देवाधर्माचा मी फार नाही. पण तेवढा वेळ तोंड बंद राह्यते आन चार लोक पाहतात की हा इथं बसून आहे, भट्टीवर नाही. गावात याचा हिशोब होते, तुम्हाले वाटत नसलं तरी होते.

दुसरं, एक वही घ्या. मनात धरून ठेवलेल्या रागाले आमच्याकडे एक नंबरचा दुश्मन मानतात, परत पेणारे बहुतेक त्याच रस्त्यानं जातात. वहीत चार रकाने पाडायचे. कोणाचा राग आला, कशाचा आला, त्यानं माहं काय दुखावलं, आन त्यात माहा हात किती. पहिले दोन रकाने पटकन भरतात, त्यात काही अक्कल लागत नाही. तिसऱ्यात तुम्ही काय लिहाल ते मी आत्ताच सांगतो, चार माणसांत इज्जत गेली. चौथ्याले मात्र हप्ता लागते. बाबानं पैसे भावाच्या हाती द्यायले लावले. मागच्या वर्षीचे कापसाचे पैसे कुठं गेले होते भाऊ? मी विचारत नाही, तुम्हीच लिहा तिथं.

बिंधास_गडी

एवढी फिलॉसॉफी कायले. माहा मामा रोज एकच पेग घेते, देवमाणूस आहे, आवाज चढवत नाही. दारू सोडून जर घरात भांडणं वाढत असतील त थोडी थोडी औषधासारखी घेत जा ना भाऊ, बायको पण तेच म्हणून राहिली.

वरोऱ्याचा_काका

गड्या, तुह्या मामाले एक पेगवर थांबता येते, त्याले सुखी राहू दे. ज्याले थांबता येत नाही त्याले हे सांगू नको. मी कितीदा हेच करून पाहिलं आहे, सोमवारी एक, शुक्रवारी नालीत.

सिस्टर_यवतमाळ

मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, आमच्या वॉर्डात दारू सोडवायला आलेले पेशंट सतत असतात. थोडं लांब लिहिते, ड्युटी संपली आहे आणि विषय जवळचा आहे.

कपाशीवाला दादा, तुम्ही विचारलं शरीर की स्वभाव. बऱ्यापैकी शरीर. दारू मेंदूला सुस्त करते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्या सुस्तीच्या उलट्या बाजूनं रोज जोर लावत राहतो, माणूस जागा राहावा, चालता बोलता राहावा म्हणून. समजा दाराच्या बाहेरून कोणी लोटून धरलंय आणि आतून आपण जोर लावून उभे आहोत, बाहेरच्यानं एकदम सोडलं तर आपण तोंडावरच जाऊ. दारू बंद झाली की मेंदूचं तेच होतं, बाहेरचा जोर गेला, आतला चालूच. पहिल्या दोन तीन दिवसांत हात थरथरणं, घाम, झोप उडणं, कोणाकोणाला फिट येते, भास होतात, म्हणून जास्त पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद करू नये असं आम्ही सांगतो, त्यात जीवही जातो. तो टप्पा तुमचा केंद्रात झाला. पण बारीक चिडचिड, झोप तुटणं, आवाज सहन न होणं, मन न लागणं हे नंतरही काही आठवडे ते काही महिने राहतं. एकसारखं नाही राहत, चार दिवस बरे जातात आणि मग अचानक एक दिवस खराब, लोकांना वाटतं आपण परत मागं गेलो. तसं नसतं. हळूहळू खराब दिवस विरळ होत जातात.

झोपेचं तुम्ही काही लिहिलंच नाही. रात्रीच्या लाईनीवर ओलीत करता म्हणजे झोपेचं खोबरं झालेलं असणार. दारू सोडलेल्या माणसाची झोप तशीही महिनोन्‌महिने कच्ची असते, त्यावर रात्रपाळी. शक्य असेल तर हा एक हंगाम भावाशी पाळ्या लावून घ्या, एक दिवसाआड तरी पूर्ण रात्र झोपा. आणि मेडिकलमधून झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय आणू नका, हे मी ओरडून सांगते आहे असं समजा. अल्प्राझोलमसारख्या गोळ्यांची सवय दारू पिणाऱ्याला फार लवकर लागते, मग दारू गेली आणि गोळी आली असे पेशंट आमच्याकडे येतात.

खर्रा. तुम्हाला वाटतं खर्रा टाकला की डोकं शांत होतं. होतं, कारण मागच्या खर्र्याचं निकोटीन उतरलं होतं आणि त्यानंच चिडचिड सुरू झाली होती. म्हणजे दिवसातून जितके खर्रे तितक्या वेळा चिडचिडीची फेरी. सुपारी पण उत्तेजकच आहे. दारूसोबत तंबाखू सोडली तर दारू परत लागते असा समज आहे, तसं काही नाही, पण आजच्या आज सोडा असंही म्हणत नाही, डॉक्टरांशी बोलून कमी करा. रात्री झोपायच्या आधीचा खर्रा तेवढा आजच बंद करा.

आता दवाखान्याचं. केंद्रातून आल्यावर तुम्ही एकदाही फॉलोअपला गेला नाहीत असं दिसतंय. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथं जा. बीपी, शुगर, थायरॉईड बघून घेतात. पुरुषांमध्ये डिप्रेशन बऱ्याचदा रडण्यात दिसत नाही, रागात दिसतं, हे आमच्याकडे फार उशिरा लक्षात येतं. दारूमुळे बी१ व्हिटॅमिन कमी पडलेलं असतं, ते देतात. दारूची ओढ कमी करायला नाल्ट्रेक्झोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधं आहेत, कुणाला कुठलं द्यायचं ते लिव्हर किडनी बघून डॉक्टर ठरवतात.

आणि हे घरच्यांसाठी. पेपरात, गाडीच्या मागं जाहिराती असतात, पेशंटला न सांगता जेवणातून द्या, दारू सुटेल. कृपया असं काही देऊ नका. त्यात काय असतं कोणाला माहीत नसतं. डायसल्फिरामसारखी गोळी जर माणसाला न सांगता दिली आणि तो वरून प्याला, तर छाती धडधडणं, उलट्या, बीपी खाली जाणं, मृत्यूही होऊ शकतो. ती गोळी चालू असताना अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध सुद्धा त्रास देतं. माणसाला सांगून, त्याची सही घेऊन द्यायचं औषध आहे ते.

दवाखाना लांब असेल तर फोनवर बोला. १४४१६ टेलिमानस, ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाईन, कधीही लावा, मराठीत बोलतात, फुकट. व्यसनासाठी १४४४६. रात्री अकराला डोकं फिरलं तर एए वाल्या काकांची झोप मोडण्यापेक्षा हे बरं.

वरोऱ्याचा_काका

माही झोप मोडली तरी चालते सिस्टर, आमचं कामच ते आहे. बाकी सगळं सोळा आणे.

मोर्शीची_वहिनी

सगळ्यांनी त्याच्या रागाचं लिहिलं, आता बायकोच्या रागाचं लिहू का? माझ्या घरी हे सगळं होऊन गेलं आहे.

भाऊ, तुमची बायको म्हणाली पेत होते तेव्हाच बरे होते, ते तुम्हाला फार लागलं दिसतं. मी पण अगदी हेच वाक्य बोलली आहे. त्याचा अर्थ तुम्ही जाऊन प्या असा नसतो, आणि वर ज्या गड्यानं तसा अर्थ काढला त्याला एक दिवस आमच्या घरी पाठवायला पाहिजे होतं तेव्हा. गोष्ट अशी आहे की हे पेत होते तेव्हा मी भांडणार कोणाशी? शुद्धीतच नसायचे. मंगळसूत्र गहाण ठेवलं ते, पोरीच्या फीचे गेले ते, भावाच्या लग्नात मंडपात पडले ते, सगळं मी आत ठेवून दिलं. आणि ज्या दिवशी हे शुद्धीत येऊन घरात बसायला लागले त्या दिवशी मला कळलं की आता हा माणूस ऐकू शकतो. मग माझं सुरू झालं. यांना वाटे मी सोडली तरी हिचं समाधान नाही. मला वाटे आत्ता कुठं बोलायची सोय झाली. दोघं बरोबर आणि घरात रोज महाभारत.

आमच्याकडे काय केलं ते सांगते, तुमच्याकडे चालेल की नाही ते तुम्ही पाहा.

दिवा लागल्यानंतर पैसा, शेत, सासू, जुनं काढायचं नाही. जे बोलायचं ते सकाळी चहाच्या वेळी. सुरुवातीला मला वाटलं हे यांच्या फायद्याचं आहे, पण सकाळी खरंच निम्म्या गोष्टी बोलाव्याशाच वाटत नाहीत आणि ज्या वाटतात त्या नीट बोलता येतात.

राग आला की बाहेर चक्कर मारून या, असं सगळे सांगतात. आता तुम्ही सांगा, ज्या माणसानं बारा वर्षं चक्कर मारून येतो म्हणून भट्टी गाठली, त्यानं रागानं चपला घातल्या की बायकोच्या पोटात काय होत असेल? मी तर दारातच आडवी उभी राहायची आणि त्यातून अजून वाढायचं. मग असं ठरवलं, जाताना सांगून जायचं कुठं चाललो आणि किती वेळात येतो, फोन चालू ठेवायचा, आणि जेवढा वेळ सांगितला त्याच्या आत परत यायचं. राग गेला नसला तरी परत यायचं, मग दुसरी चक्कर मारा. मी आडवी यायची नाही. हे जमायला वेळ लागला, पण यांचं वेळेवर परत येणं बघूनच माझा जीव हळूहळू थाऱ्यावर आला, बाकी शपथा वगैरे मी लग्नापासून ऐकत होते.

वास घेण्याचं. ते अपमानाचं आहे, मान्य. पण घरच्यांची भीती पण खरी आहे. मी चोरून वास घेणं बंद केलं आणि सरळ विचारायला लागली, आज घेतली का? हो की नाही एवढंच, चिडायचं नाही, आणि दिवसातून एकदाच. तुमच्या भावाशी असं काही ठरवता येतं का बघा, तुम्हीच होऊन बोला, तो स्वतःहून नाही बोलणार.

पैशाचं, यांनी स्वतःच म्हटलं होतं की कापसाचे पैसे माझ्या हातात नको. पण काटापट्टी पहिले यांना दाखवायची, किती क्विंटल, काय भाव, हमाली तोलाई किती कापली, वहीत हे लिहिणार, आणि मग पैसे सासऱ्यांकडे. मालकासारखं वागवलं की माणसाचा निम्मा राग तिथंच जातो, पैसा हातात असो नसो.

आता जे गोड लागणार नाही ते. ताट फेकलं हे लहान समजू नका. पोरगं दारामागून निघालं नाही, याचा अर्थ त्याला पुढचं काय ते आधीच दिसलं. त्याच्याजवळ बसून, त्याच्याशी बोलून माफी मागा, आईला सांगून निरोप पाठवू नका. चॉकलेट वगैरे काही आणू नका सोबत. डोकं भणभणतं हे कारण आहे, पण त्याची सूट कोणाला मिळत नाही. तुमच्या घरातल्या बाईनं हे वाचलं तर तिच्यासाठी लिहून ठेवते, हात उचलला गेला तर ११२ ला पोलीस, १८१ ही महिलांची हेल्पलाईन, आणि २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, त्यात फक्त मारणंच येतं असं नाही, शिव्या, धमक्या, पैसे अडवणं पण येतं. नवरा उपचार घेतोय म्हणून तो कायदा लागत नाही असं कुठं लिहिलेलं नाही.

धानोऱ्याचा

आमच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. दारू-तंबाखू सोडवायचं काम करणारे मुक्तिपथवाले गावागावात व्यसन उपचाराचे कॅम्प लावतात, तालुक्याच्या ठिकाणी क्लिनिक पण आहे. माझा मोठा भाऊ तिथं जायचा. मी एवढंच बघितलं की एकट्या पेशंटला शिकवून पाठवला की घरी येऊन भांडण ठरलेलं, कारण घर जुनंच आहे ना. दादा, तुम्ही ओपीडीला जाल तेव्हा बायकोला आणि जमलं तर भावाला पण घेऊन जा. सिस्टरनं जे लिहिलं ते भावानं डॉक्टरच्या तोंडून ऐकलं तर त्याचा वास घेणं कमी होईल. आमच्या वडलांचं तसंच झालं, आम्ही सांगून सांगून थकलो आणि डॉक्टरनं एका वाक्यात सांगितलं तर लगेच पटलं.

कपाशीवाला

सगळ्यांचे आभार. काल रात्री पूर्ण वाचलं, आज सकाळी परत वाचलं.

वहिनी, तुमचं वाचून आधी राग आला, खरं सांगतो. मंग बायकोले मोबाईल देऊन म्हटलं वाच. तिनं वाचलं आन काहीच बोलली नाही, पण त्या मंगळसूत्राच्या जागेवर थांबली होती बराच वेळ. आमच्याकडे मंगळसूत्र नव्हतं, जोडवे आन पाटल्या होत्या. पोराशी बोललो सकाळी. ते म्हणते ठीक आहे आन खेळायले पळालं, आता त्याले समजलं का नाही मले माहीत नाही.

सिस्टर, झोपेचं तुम्ही बरोबर पकडलं, दोन तीन वाजता जाग येते आन मंग उजेड होईपर्यंत छताकडं पाहत पडून राह्यतो, जुनं जुनं आठवते, कोणी कधी काय बोललं ते सगळं. अन मेडिकलवाल्यानं गोळी दिली होती मागच्या महिन्यात, नाव माहीत नाही, पट्टी घरी आहे, थोड्याच घेतल्या. ती आता एकदम बंद करू का?

काका, वही घरात कोणी वाचली त? भावाबद्दल जे लिहीन ते त्यानं वाचलं त अजून एक ताट उडेल, फक्त या वेळी ते तो फेकेल.

आन एक. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे काकाच्या पोरीचं लग्न आहे. गेलो त मोहाची राहणारच, मागच्या अंगणात बसतात सगळे. नाही गेलो त माणसं तोडली म्हणतील. आन तिथं एक जण आहे, बांधाचा वाद आहे त्याच्याशी, तो पिऊन मुद्दाम काढेलच विषय.

सिस्टर_यवतमाळ

थोड्याच घेतल्या असतील तर घाबरू नका, पण स्वतःच्या मनानं घेऊही नका आणि पट्टी फेकूनही देऊ नका. ती पट्टी सोबत घेऊन दवाखान्यात जा, नाव बघून डॉक्टर सांगतील कशी बंद करायची. अशा काही गोळ्या रोज बरेच दिवस घेतल्या असल्या तर एकदम बंद केल्यानं फिट येऊ शकते, म्हणून विचारल्याशिवाय काहीच नको. केंद्राचा डिस्चार्ज कागद असेल तर तोही घ्या. सकाळी लवकर नंबर लावा, दुपारनंतर गर्दीत डॉक्टरांना नीट बोलायला वेळ मिळत नाही.

तीनला जाग आली की पडून राहू नका. उठा, पाणी प्या, ओसरीवर बसा, मोबाईल नको. झोप आली की परत आडवे व्हा. आणि दुपारी पाचनंतर चहा नाही. हे सगळ्यात अवघड जातं आपल्याकडे, मला माहीत आहे.

वरोऱ्याचा_काका

वही घरी ठेवूच नका. मी मोटरच्या पेटीत ठेवायचो, तिथं माह्याशिवाय कोणी हात घालत नव्हतं. आन भरलेली पानं जपून ठेवायची नसतात, ज्याच्यावर विश्वास आहे अशा एखाद्या जुन्या माणसाले वाचून दाखवायची आन फाडून टाकायची. भावाले वाचून दाखवू नका, निदान या वर्षी.

लग्नाचं सोपं आहे. अक्षता पडायच्या टायमाले पोचा, घरून पोटभर खाऊन जा, पोराले सोबत ठेवा, गाडी तुमची स्वतःची पाह्यजे, कोणाच्या भरवशावर परत यायचं ठेवू नका. जेवणाची पंगत झाली की पोरीले आहेर देऊन निघा, संध्याकाळ तिथं होऊ देऊ नका. मागच्या अंगणात पाय टाकायचा नाही, कोणाले बोलवायले सुद्धा नाही. बांधवाल्याले आधीच फोन करून सांगता येत असेल त सांगा की लग्नात हा विषय नको, सोमवारी तलाठ्याकडे बसू. नाही ऐकलं त तुम्ही गाडीवर बसा. माणसं तुटली म्हणतील त म्हणू द्या, आपण पेत होतो तेव्हा कोणती जोडलेली होती.

अन मीटिंगचं मेसेजमधी पाठवतो. वर्ध्याले, नागपूरले होतात, पैसे लागत नाही, नाव पण पूर्ण सांगावं लागत नाही. घरच्या लोकांसाठी वेगळी मीटिंग असते, अल-अनॉन म्हणतात, तुमच्या घरच्या वहिनीले पाठवा.

कपाशीवाला

वर्ध्याले जमेल, बुधवारी बाजाराच्या बहाण्याने निघतो.

मोर्शीची_वहिनी

बहाणा कशाला? मीटिंगला चाललो असं सांगून निघा ना घरी.